झाड दरवर्षी पालवतं आणि दरवर्षी वरून वाळतं: आधी बुंधा उकरून बघा

पावसाचे दिवस सरले की पानं पिवळी पडू लागतात. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या दिसतात. आपण खत घालतो, औषध फवारतो, महिना-दीड महिन्यात कोवळी पालवी येते आणि जीव भांड्यात पडतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वाळक्या फांद्या तेवढ्या दोन-तीनने वाढलेल्या असतात आणि पालवी आणखी विरळ.

आमच्या अंगणातल्या आंब्याचं तीन वर्षं हेच चाललं होतं. तिन्ही वर्षं मी औषध बदलत राहिलो. मी वर बघत होतो आणि दुखणं खाली होतं. अंगणातल्या झाडांच्या बाबतीत हे इतकं सर्रास घडतं की ज्यांचं झाड असं दरवर्षी मान टाकतं आणि पुन्हा उभं राहतं, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पालवी आली म्हणजे झाड सुधारलं, असं नसतं. झाड खोडात आणि मुळांत पिष्टमय पदार्थांचा साठा करून ठेवतं आणि पानं गेली की त्या शिलकीतून नवी पानं काढतं. आपण नेमकी त्याच सुमारास फवारणी केलेली असते, म्हणून श्रेय औषधाला जातं. मुळं बिघडलेली असतील तर खर्च झालेला साठा पूर्ण भरून निघत नाही आणि पुढची पालवी आखूड येते, पानं लहान होतात. खोडावर किंवा जाड फांद्यांवर एकदम खूप धुमारे फुटले तर लोक खूश होतात. मला आता ते बघून काळजी वाटते. शेंड्याकडे रस नीट पोहोचत नसला की झाड बऱ्याचदा असं मधूनच फुटतं.

हात लावण्याआधी नुसतं बघा

काडीची साल नखाने किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर वीतभर खाली येऊन पुन्हा खरवडा. जिथे हिरवं लागेल तिथे सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. चारही दिशांच्या एकेका फांदीवर हे करा. सहा महिन्यांनी वाळण्याची रेघ सुतळीच्या खाली सरकली आहे का, हे डोळ्यांना दिसेल. आठवणीवर विसंबलं की दरवर्षी आपल्याला ‘गेल्या वर्षीइतकंच आहे’ असंच वाटत राहतं.

मग वाळण्याची दिशा बघा. फक्त आतल्या, खालच्या, सावलीतल्या काड्या वाळत असतील तर काळजीचं कारण बहुधा नाही. ऊन न मिळालेल्या फांद्या झाड स्वतःच सोडून देतं. सगळीकडून सारखं, शेंड्यापासून खाली वाळत येत असेल तर मुळांचा संशय घ्या. एकच बाजू वाळत असेल तर त्या बाजूला काय झालं ते आठवा. पाइपासाठी चर खणला होता का, भिंतीचा पाया काढला होता का, गाडी उभी राहू लागली का? आणि आठवताना गेल्या महिन्यावर थांबू नका. मोठ्या झाडाची मुळं तुटली किंवा दबली तर त्याचा परिणाम वर दिसायला तीन, पाच, कधी त्याहून जास्त वर्षं लागतात. घराचं काम कधीच संपलेलं असतं, फरशी जुनी झालेली असते आणि झाड ‘अचानक’ वाळू लागतं.

आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडते: शेजारची वेगळ्या जातीची झाडं बघा. रोग आणि किडी सहसा ठरावीक जातीच निवडतात. आंबा, जास्वंद आणि गुलाब तिघांचीही पानं एकाच वेळी बिघडली असतील तर कारण बहुधा पाणी, माती किंवा तणनाशक असतं. पानं वळलेली, अरुंद, वाटीसारखी झाली असतील तर तणनाशकाचा विचार आधी करा. गवतातलं तण मारणारी काही औषधं त्याच गवताखाली पसरलेल्या झाडाच्या मुळांनाही लागतात.

सदाहरित झाडही जुनी पानं गाळतंच. आंब्याची कोवळी पानं तांबूस, लुळी लोंबतात तो रोग नाही. एवढ्यावरून फवारणी झालेली मी पाहिली आहे.

पानांवरून किती कळतं

थोडं कळतं, पण निकाल लागत नाही. पानाच्या कडा करपल्या म्हणजे पानापर्यंत पुरेसं पाणी पोहोचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. माती कोरडी असली तरी तसं होतं, मुळं कुजलेली असली तरी होतं आणि मातीत क्षार साठले तरी होतं. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, पहिल्या दोन्हींवरचे तर अगदी उलट. सर्वात घातक चूक इथेच होते. ओल्या मातीत उभं असलेलं झाड सुकलेलं दिसतं, आपण त्याला आणखी पाणी देतो आणि उरलेली मुळंही गुदमरतात.

पिवळेपणाचं त्यातल्या त्यात बरं असतं. जुनी, खालची पानं सरसकट फिकी पडली तर नत्र कमी असू शकतं. जुन्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं जाळीदार चित्र दिसलं तर लोह. पण यात मेख आहे. मातीत लोह असूनही माती चुनखडीची असेल तर झाडाला ते घेता येत नाही. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचा गिलावा, चुन्याची ढेकळं अंगणात पुरलेली असतात आणि त्यांनी मातीचा सामू (पीएच) वाढतो. चिंब मातीतल्या गुदमरलेल्या मुळांनाही लोह उचलता येत नाही. अशा वेळी पानांवर लोहाची फवारणी केली की पानं थोडे दिवस हिरवी होतात आणि नवी पानं पुन्हा पिवळीच येतात.

पानांकडे बघून पोतंभर तर्क करता येतात. त्यापेक्षा एक खड्डा जास्त सांगतो.

माती

झाडाची मुळं जितकी खोल असतील असं वाटतं तितकी ती नसतात. बहुतेक मुळं वरच्या 60 सेंमी मातीत असतात आणि अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं त्यातही वरच्या 30 सेंमीत. आडवी मात्र ती फांद्यांच्या घेराबाहेर बरीच दूर जातात. म्हणून खोडाला चिकटून पाणी घालणं जवळजवळ वाया जातं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खणलेला चर झाडाला लागतो.

फांद्यांच्या घेराच्या कडेला फूटभर खोल खड्डा खुरप्याने हळू काढा. माती मुठीत दाबून बघा, नाकाशी धरून बघा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हवा पोहोचत नाही. बारीक मुळं हातात घ्या. निरोगी मूळ फिकट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा राहतो. एकदा हे बघितलं की पुन्हा विसरणार नाही.

त्याच खड्ड्यात पाणी भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून मोजा. तासाला 2.5 ते 5 सेंमी पाणी उतरलं तर निचरा ठीक आहे. एक सेंमीही उतरलं नाही तर तुमचा आजार सापडला असं समजा. शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द मला इथे सर्वात मोलाचा वाटतो: मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी अवस्था. झाडाला सतत वाफसा हवा असतो आणि आपण त्याला एकदा चिखल, एकदा वीट असं करत राहतो.

बुंधा

आता मुख्य गोष्ट. झाडापाशी खाली बसा आणि खोड जमिनीत कसं शिरतं ते बघा. निरोगी झाड जमिनीजवळ रुंद होत जातं, हत्तीच्या पायासारखं, आणि तिथून मुळं बाहेर पसरताना दिसतात. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असेल तर बुंधा पुरला गेला आहे. रोप खोल लावलं गेलं असेल किंवा नंतर भर पडली असेल. एकाच बाजूला रुंदी नसेल, खोड तेवढं चपटं दिसत असेल, तर त्या बाजूला आत काहीतरी आवळलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आमच्या आंब्याभोवती विटांचा गोल कठडा बांधून आत फुलझाडं लावली होती. दिसायला फार सुंदर. त्यासाठी वीतभर माती खोडाला टेकून भरली गेली आणि फुलझाडांसाठी रोज पाणी. खोडाची साल ही हवेत राहण्यासाठी असते. ती कायम ओल्या मातीत राहिली की मऊ पडते, बुरशी शिरते. खालच्या जुन्या मुळांवर वीतभर माती चढली की त्यांना पोहोचणारी हवा कमी होते. झाड मग वरच्या नव्या मातीत बारीक मुळं सोडतं आणि आपल्याला वाटतं, बरं चाललंय.

मी कठडा काढला आणि माती हातांनी उकरली. या कामाला कुदळ किंवा फावडं घेऊ नका, सालीला एक घाव बसला तरी नवी जखम होते. खुरपं, लाकडी काटकी आणि शेवटी पाण्याची बारीक धार, एवढं पुरतं. खोडातून पहिलं जाड मूळ बाहेर पडताना दिसेपर्यंत जायचं. वाटेत केसांसारखी तंतुमुळं लागतात, ती काढली तरी चालतात. साधारण वीतभर खाली मला अंगठ्याएवढं मूळ दिसलं. ते बाहेर जायचं सोडून खोडाला अर्धा वेढा घालून आवळून बसलं होतं, आणि वरच्या वाळक्या फांद्या नेमक्या त्याच बाजूला होत्या.

असं का होतं? रोप पिशवीत किंवा कुंडीत जास्त दिवस राहिलं की मुळं भिंतीला आपटून गोल फिरतात. तसंच ते जमिनीत लावलं तर मूळ गोलच वाढतं. खोडही जाड होतं, मूळही जाड होतं आणि दोघं एकमेकांना दाबत जातात. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. हा थर दाबला गेला की त्या बाजूची मुळं उपाशी राहतात आणि उपाशी मुळं वर पाणी पाठवू शकत नाहीत. लावतानाची चूक वर दिसायला अनेक वर्षं लागू शकतात. खोडाला बांधलेली तार, नायलॉनची दोरी, न काढलेली प्लास्टिकची पिशवी हेही असंच काम करतात. गवत कापायच्या यंत्राची दोरी दर आठवड्याला बुंध्याला लागत असेल तर तीही. साल पूर्ण गोलाईत गेली तर झाड वाचणं फार अवघड.

आवळणारं मूळ पटाशीने किंवा लहान करवतीने दोन्ही बाजूंनी कापा. सुटं असेल तर मधला तुकडा उचला. खोडात रुतलं असेल तर तो तिथेच राहू द्या, उपटायला गेलात तर साल निघेल. अशी तीन-चार मुळं असतील तर सगळी एकदम कापू नका, दोन हंगामांत विभागा. कडक उन्हाळ्यात हे काम अजिबात नको. आवळणारं मूळ खूप जाड असेल आणि झाडाचा बराचसा भार त्याच्यावर आहे असं दिसत असेल तर झाडांचा जाणकार बोलवा. एकदा मोकळा केलेला बुंधा पुन्हा मातीने झाकायचा नाही. बशीसारखा उतार द्या, म्हणजे खोडापाशी पाणी साचणार नाही.

सालीचा काळा, मऊ, डिंक गळणारा भाग सापडला तर धारदार चाकूने कुजका भागच तेवढा निरोगी कडेपर्यंत काढा, दोन-तीन दिवस हवेत वाळू द्या आणि बोर्डो पेस्ट लावा. लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्या रोगात हा नेहमीचा उपाय आहे. प्रमाण 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. एका झाडाला याचा दहावा भागही पुष्कळ होतो. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत पाण्यात कालवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं चालत नाही. मिश्रणात घासलेली लोखंडी सुरी बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. हातमोजे घाला, कळीचा चुना भिजवताना उसळतो. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षबागांतून आलं आणि मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये ते जगापुढे मांडलं.

पाणी, आच्छादन, खत

आळं खोडापाशी नको. फांद्यांच्या घेराच्या कडेला गोल चर करा आणि तिथे पाणी हळूहळू, फूटभर खोल ओल जाईल इतकं द्या. मग थांबा. वरची चार बोटं माती कोरडी लागेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. रोज तांब्याभर पाणी घातल्याने मुळं वरच्या वर राहतात. पाणथळ जागा असेल तर आळ्याचा बांध फोडून पाणी बाहेर काढणारा चर आधी करा, बाकी सगळं नंतर.

पालापाचोळ्याचं आच्छादन 5 ते 10 सेंमी जाड, जमेल तितकं दूरवर पसरा, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. खोडाभोवती पाचोळ्याचा डोंगर रचला तर पुरलेल्या बुंध्याचाच प्रकार पुन्हा होतो. पायांखाली आणि चाकांखाली दबलेल्या मातीवर मला याहून चांगला उपाय माहीत नाही. वेळ लागतो, पण खालची माती खरोखर भुसभुशीत होते. रहदारी मात्र बंद करावी लागेल.

खत अशा झाडाला सुरुवातीला नकोच. रासायनिक खत म्हणजे क्षार. थकलेल्या मुळांना त्यातून पाणी ओढणं आणखी जड जातं. नत्राने भराभर पानं फुटतात आणि त्यांना पाणी पुरवायला मुळं नसतात. पहिलं वर्षभर कुजलेल्या पाचोळ्यावरच सोडा.

छाटणी

फक्त वाळलेलं काढा. हिरवं पान, मग ते कितीही मरगळलेलं असो, त्या झाडाची कमाई आहे. जाड फांदी तीन कापांत काढायची: आधी खालून थोडा काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे फांदी पडताना साल सोलवटत नाही; शेवटी उरलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, ते शाबूत ठेवून त्याच्या बाहेरून कापायचं.

हे कडं महत्त्वाचं का, ते अ‍ॅलेक्स शिगो यांनी दाखवलं. अमेरिकेच्या वन खात्यात काम करताना त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज अभ्यासली. 1977 मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना अशी की झाड जखम आपल्या कातडीसारखी भरून काढत नाही. बिघडलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. खोडाला घासून कापलं की ते कडंच जातं आणि कूज थेट खोडात उतरते. कापावर डांबर किंवा रंग फासून ती थांबत नाही. पोकळ खोडाचं झाड वर्षानुवर्षं हिरवं राहतं तेही याच कारणाने, जिवंत भाग बाहेरच्या थरात असतो.

किडींबद्दल थोडंच

खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे. ताज्या भोकात तार घालून अळी मारता येते. पण अनेक खोडकिडे आधीच कमजोर झालेल्या झाडाकडे जातात, त्यामुळे किडा मारून बुंधा तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी दुसरा येतो. पानांवर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग असेल तर वर मावा, खवले किडा किंवा पिठ्या ढेकूण आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने बराच फरक पडतो.

बुंध्यावर कंगोऱ्यासारखी टणक, चकचकीत आळिंबी उगवली तर मात्र गंभीर व्हा. आत लाकूड कुजतं आहे. सोबत झाड नव्याने कललं असेल किंवा बुंध्याजवळची जमीन एका बाजूने भेगाळली, उचलली गेली असेल तर मुलांना त्याखाली खेळू देऊ नका आणि त्याच दिवशी जाणकाराला दाखवा. अर्ध्याहून अधिक घेराची साल मेलेली असेल किंवा अर्ध्याहून जास्त फांद्या वाळल्या असतील तरीही वाचण्याची आशा कमीच. असं झाड उतरवण्याचा निर्णय जड असतो. मी शेजाऱ्यांच्या अंगणात तो बघितला आहे आणि तो बरोबर होता.

किती वाट बघायची

पहिल्या वर्षी वर जवळजवळ काहीच दिसत नाही. झाड आधी मुळं करतं. आमच्याकडे उलट त्या वर्षी आणखी एक फांदी गेली आणि ते आवळणारं मूळ कापून मी घोडचूक केली असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या वर्षी पानं आकाराने मोठी आली. शेंड्याची नवी फूट मोजायची सवय तेव्हापासून लागली: फूट जिथून सुरू होते तिथे काडीवर बारीक कड्यांसारखे वळ असतात, तिथून टोकापर्यंत. बिघडलेल्या वर्षांत ती चार बोटं होती. यंदा वीतभर आहे. सुतळीचे तीन तुकडे जागच्या जागी आहेत, वाळण्याची रेघ त्यांच्या खाली गेलेली नाही. पूर्वेच्या फांदीवरचा चौथा तुकडा गेल्या वर्षी चार बोटं खाली बांधावा लागला होता. तिथे पुढच्या महिन्यात पुन्हा खरवडून बघायचं आहे.